नेवेना घर फोडते

विदिन गावातल्या शाळेत नेवेनाने जन्मभर भूगोल शिकवला, पण ती स्वतः फारशी कुठे गेली नव्हती. उन्हाळ्यात कधी समुद्रावर, आणि मुलगा देयान स्पेनला नोकरीला लागल्यावर एकदा त्याच्याकडे, एवढंच. सुट्टीत आलेल्या देयानने आईबापांच्या फोनवर एक खेळ घालून दिला. ती त्यात इतकी बुडून जाईल असं त्याला वाटलं नव्हतं. स्पासला मात्र बायको माहीत होती. त्याला नवल वाटलं नाही.

खेळ दिसायला जुनाट होता. पूर्वी टीव्हीला जोडून खेळायचे तसला. सूर्य चौकोनी, मेंढ्या चौकोनी, ढगसुद्धा विटांसारखे, आणि मागे टिंगटिंग अशी सुरावट. त्यात जिंकायचं-हरायचं काही नव्हतं. डोंगर खणायचा, झाडं तोडायची, मिळालेल्या लाकडादगडांतून कुदळ, भट्टी, भिंती, काय हवं ते करायचं आणि वाट फुटेल तिकडे जायचं. ते जग संपतच नसे.

जेवणं झाली की दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आपापला फोन घेऊन बसत आणि एकाच जगात उतरत. नेवेना भटकायची. स्पास नदीवरच्या फेरीबोटीचा मेकॅनिक, निवृत्त झालेला. त्याला चार भिंती हव्या असत. त्याने टेकडीखाली घर बांधायला घेतलं.

"डोंगराच्या पलीकडे तळं आहे, स्पास. सगळी लाल माती."

"तळं काय चाटायचंय? इकडे ये, छपराला लाकूड कमी पडतंय."

"खेळातही तू घरकोंबडाच."

असं म्हणत ती लाकूड आणून द्यायची. हळूहळू घर दोघांचं झालं. खिडक्यांना तिने लांबच्या वाळवंटातून वाळू आणून काच केली. अंगणात विहीर खणली, कुंपणाशी पिवळी फुलं लावली. कुठेही गेली तरी त्या जगात अंधार पडून राक्षस निघायच्या आत ती घरी पोचायची. दिशा तिला कधी विचाराव्या लागल्या नाहीत.

एका दुपारी ती म्हणाली, "घर सापडत नाही."

"टेकडीच्या डावीकडे."

"कुठली टेकडी?"

तो हसला. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच झालं, आणि मग रोजच होऊ लागलं. स्पासने तिच्या नेहमीच्या रस्त्याने मशाली लावत नेल्या, म्हणजे त्या धरून तिला परत येता यावं. थकवा असेल, असं तो स्वतःला समजावत राहिला. मग एकदा मिरच्या आणायला बाजारात गेलेली नेवेना भलत्याच रस्त्यावर उभी दिसली, आणि शेजारची मिंका तिला दंडाला धरून घरी घेऊन आली. मिंका दारातच हळू आवाजात म्हणाली, "डॉक्टरला दाखव रे स्पास. मला बघून तिने 'तुम्ही कोण' म्हटलं."

डॉक्टरांनी तपासण्या केल्या, आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. हे मागे फिरणारं दुखणं नाही, हेही सांगितलं. स्पासने खेळाबद्दल विचारलं.

"खेळू द्या की. चाळा बरा असतो."

म्हणून खेळ चालू राहिला. शरद लागला होता. बाल्कनीत भाजलेल्या मिरच्यांचा वास भरला होता. स्पास त्या सोलत होता आणि नेवेना आत फोन घेऊन बसली होती. तो हात धुऊन आत आला, आपला फोन उघडला, तर घराची एक भिंत नव्हती.

"नेवेना, हे काय?"

"दगड पाहिजेत मला."

"अगं, पण हे आपलं घर आहे."

"कुणाचं?" तिने वर न बघताच विचारलं. "इथे कुणी राहत नाही. ओसाड आहे."

तिची कुदळ चालूच राहिली. तो मागून भिंत घालायचा, ती पुढून फोडायची. काच तिने एका घावात उडवली. संध्याकाळपर्यंत स्पासचे डोळे दुखायला लागले. त्याने देयानला फोन लावला.

"बाबा, सोपं आहे," देयान म्हणाला. "जग तुमच्या फोनवर आहे ना? तिचा तोडफोडीचा हक्क काढून टाका. फिरेल, पण काही मोडणार नाही." कुठे काय दाबायचं तेही त्याने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी नेवेनाने भिंतीवर कुदळ मारली. दगड हलला नाही. तिने पुन्हा मारली. मग झाडावर, मग मातीवर. बोट दाबून दाबून पांढरं पडलं. तिने फोन टेबलावर ठेवला आणि आपले दोन्ही हात उलटसुलट करून बघितले.

"माझ्या हातात जोर नाही राहिला, स्पास," ती म्हणाली आणि रडायला लागली. शाळेतल्या पोरांसमोर कधी आवाज न चढवलेली बाई ओठ मिटून रडत होती. त्याने तिला वाळवलेल्या फुलांचा चहा करून दिला. तो तिने घेतला नाही. तिची पाठ वळल्यावर त्याने हक्क परत देऊन टाकला.

"बघ बरं आता," तो म्हणाला.

दगड फुटला. ती हसली. छप्पर गेलं, विहीर बुजली, फुलं गेली. स्पास आपल्या चौकोनी पायांवर अंगणात नुसता उभा राहून बघत होता.

"इथे एक माणूस आहे," नेवेना दबक्या आवाजात म्हणाली.

"कसा आहे?"

"नुसता टक लावून बघतो. मला भीती वाटते त्याची."

"तो मीच आहे गं. बघ, मी हलतो. हे बघ."

"तू तर इथे बसलायस," ती म्हणाली. तिला ते हसण्यासारखं वाटलं असावं. मग तिने त्या माणसाला कुदळीने मारलं. स्पासने पळायचं बटण दाबलं नाही. तीन-चार घावांत तो आडवा झाला आणि त्याच्याजवळचं लाकूड, भट्टी, पाव सगळं गवतावर विखुरलं. नेवेनाने ते निवांत वेचून घेतलं.

खेळात मेलेला माणूस पुन्हा उठतो, पण त्यानंतर तो तिच्या जवळ जाईनासा झाला. लांबच्या टेकडीवर उभा राहून बघायचा. देयानचे फोन येत: "चाललंय ना बरं?" स्पास म्हणायचा, "खेळते." मुलगा तिथून करणार तरी काय होता?

नाताळच्या सुमारास त्याला दिसलं, की ती पुन्हा बांधायला लागली आहे. साठवलेले सगळे दगड घेऊन ती स्वतःभोवती भिंत रचत होती. सरळ, नीट, कोपरे जुळवून. तो खुर्ची तिच्याजवळ ओढून बसला.

"छान झालीये. दार ठेव फक्त एका बाजूला."

"दार कशाला?"

"येणाऱ्या-जाणाऱ्याला."

नेवेनाने जरा विचार केला. अलीकडे परक्याशी बोलायची तशा सभ्य आवाजात ती म्हणाली, "कुणी येणार नाहीये हो. मी एकटीच असते."

तिने पुढचा दगड ठेवला. स्पासने तिच्या खांद्यावरून सरकलेली शाल वर ओढली, आणि ती काम करत असताना तिच्या शेजारी बसून राहिला.