निगेटिव्ह आलं!

आमच्या घरात निगेटिव्ह म्हणजे चांगलं. ह्यांना दुसऱ्याची किडनी बसवली, ती अंगाने परकी म्हणून झिडकारू नये म्हणून गोळ्या सुरू झाल्या, आणि त्या गोळ्यांनी अंगातली सगळी राखणच झोपवून टाकली. मग छातीत जंतूंनी ठाण मांडलं. औषधाने दबायचे, औषध थांबलं की फुकट्या पाहुण्यासारखे पुन्हा हजर. दर वेळी थुंकीची तपासणी, दर वेळी जीव टांगणीला, आणि ‘निगेटिव्ह’ ऐकलं की मी चहात साखर जास्त घालायची.

या भानगडीत नात जन्मली, रांगली, चालायलाही लागली. आजोबांनी तिला फक्त फोनवर पाहिली. हे शिंपी. लेक फोनवर मापं सांगायची, हे फ्रॉक शिवायचे, आणि गळा हटकून चुकायचा. पोर समोर असती तर चुकला नसता, असं पुटपुटायचे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, आधी लस घ्या, मग रक्त तपासू, ती लागू पडली असेल तर नातीला भेटा.

लस झाली. रक्त दिलं. लॅबमधून फोन आला तो मीच उचलला.

“काकू, अँटिबॉडी निगेटिव्ह आहेत. तरी एकदा डॉक्टरांना...”

पुढचं ऐकतंय कोण! फोन ठेवला आणि लेकीला लावला. “निगेटिव्ह आलं गं! आत्ताच्या आत्ता ये.”

नात आधी बुजली, मग आजोबांच्या गळ्यातली टेप ओढत मांडीवर चढली. हे इतके हसले की खोकल्याची उबळ आली. पोरीचं नाक गळत होतं.

“कालपासून जरा सर्दी आहे,” लेक म्हणाली. “पण आता बाबांना चालेल ना?”

“न चालायला काय झालं!” मी म्हटलं.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. “रिपोर्ट पाहिला. नातीला इतक्यात आणू नका हं. लस लागू पडली तर अँटिबॉडी तयार होतात. यांच्या तयारच झाल्या नाहीत.”

पोर ह्यांच्या छातीवर तोंड उघडं टाकून झोपली होती. मी तिला ओढूनच घेतली. ती किंचाळली.

“अगं, झोपलीय ना ती!” हे चिडले.

आठवड्याच्या आत ताप भरला. आता ऑक्सिजन लावलाय, आणि डॉक्टरीणबाई माझ्याशी बोलताना ह्यांच्याकडे बघत नाहीत. लेकीने रडून डोळे सुजवून घेतलेत. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

आज सकाळी मी तेच सांगायला त्यांच्याजवळ वाकले. त्यांनी मास्क बाजूला केला. नर्स ओरडली, बोलू नका म्हणून. हे कुणाचं ऐकतात?

“चांगली जड आहे गं पोर,” ते म्हणाले. “फोनवर कळत नव्हतं.”