नवसाची केळी

कमरुन्निसाने घडी केलेला पंचा पारड्यात घातला आणि त्यावर वर्षभराच्या भैरूला अलगद बसवलं. पारडं खाली टेकलं तसं पोर खुदकन हसलं आणि देवळासमोर जमलेली माणसंही हसली. समोरच्या पारड्यात बबनराव स्वतः केळीच्या फण्या रचू लागले. नातू झाला तर त्याच्या वजनाइतकी केळी वाहीन, असं ते भैरोबाला बोलले होते.

एरवी केळी डझनावर जायची, ती तोलायची फक्त नवसाला. कमरुन्निसा चाकणच्या एस. टी. स्टँडावर फळं विकायची, पण जत्रेला दरसाल तराजू घेऊन या गावात यायची. पोर बसेल एवढी पारडी पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाकडे नव्हती. देवळासमोरच्या लिंबाखालची जागा बबनरावांनीच तिला दिलेली. त्यांची मर्जी फिरली तर पुढच्या साली गावात पाऊल टाकायची सोय उरणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

“अजून एक फनी,” बबनराव म्हणाले. “नातू हाय माजा. हात आखडायचा न्हाई.”

हात आखडायचं कारणही नव्हतं. दुष्काळ सरला होता, मुलगा पिंपरीच्या कंपनीत कायम झाला होता. आजही तो पहिल्या शिफ्टला गेला होता. केळ्यांचं पारडं भुईला टेकलं आणि लोकांनी भैरोबाच्या नावानं चांगभलं केलं.

कमरुन्निसाची नजर मात्र केव्हाची दुसरीकडे होती. पायरीशी बबनरावांची सून गिरजा उभी होती आणि तिच्या कडेवर भैरूची जुळी बहीण. पोरगी रडतसुद्धा नव्हती. तिच्या मनगटाचा काळा दोरा सैल होऊन कोपरापर्यंत सरकला होता.

“नाव काय हिचं?” कमरुन्निसाने विचारलं.

“बारकी म्हनत्यात,” गिरजा खाली बघत म्हणाली.

“आजारी हाय?”

उत्तर बबनरावांनी दिलं. “आजार कसला, भाभी? एका आईचं दूध दोघांस्नी कुठून पुरायचं? घरात सांगूनच ठिवलंय. आदी भैरू. उरलं तर ती.”

“आन् म्हशीचं?”

“त्ये डेरीला जातं.”

कमरुन्निसाच्या मस्तकात तिडीक गेली. दारात दुभती म्हैस आणि पोरगी उपाशी. वर हा बाबा ते चारचौघांत असं सांगतोय की जणू काही पेरणीचं ठरवलंय. जमलेल्या बायांतली एकही ब्र काढत नव्हती. तिला त्यांचाही राग आला, आणि गिरजाचा तर सगळ्यांहून जास्त. पोटात दोघांना वाढवलं ना बये, मग आता दातखीळ कशाने बसली?

तिने भैरूला उचलून बबनरावांच्या हातात दिलं. गुरव केळी गोळा करायला वाकला.

“थांबा. हात लावू नका,” ती म्हणाली.

तरातरा जाऊन तिने गिरजाच्या कडेवरची पोर काढून घेतली. उचलताना तिने वर्षभराच्या मुलाच्या बेताने जोर लावला होता, तो फुकट गेला. भैरूच्याच पंच्यावर तिने बारकीला बसवलं. पारडं वरच्या वर राहिलं.

“भाभी, ह्ये काय चालवलंय?” बबनराव म्हणाले. “नवस पोराचा हाय.”

“नवस तुमचा. तराजू माजा.”

एका हाताने पारड्याची दोरी धरून दुसऱ्या हाताने ती समोरची केळी काढू लागली. एक फणी काढून गोणपाटावर ठेवली. पोर वरच. आणखी एक काढली, आणखी एक. दांडी आडवी झाली तेव्हा गोणपाटावरचा ढीग पारड्यात उरलेल्या केळ्यांहून फारसा लहान नव्हता.

“बघा, बबनराव.” रागाने तिचा आवाज चिरकला. “एवढी पोरगी तुमच्या घरात कमी हाय.”

बबनरावांचा चेहरा काळाठिक्कर पडला. “तराजू उचला आन् चालत्या व्हा. फुडल्या सालापासनं हितं यायचं न्हाई.”

“जाते की.”

गिरजाने येऊन पोर उचलून घेतली, तशी कमरुन्निसा लिंबाच्या फांदीला बांधलेल्या तराजूची गाठ सोडायला लागली. लिंबाखालची जागा गेली ती गेलीच, आणि ही सून आता खाली मान घालून घरची वाट धरणार. तिला संतापाने रडू यायला लागलं.

पण गिरजा घराकडे वळली नाही. ती गोणपाटाजवळ भुईवरच मांडी घालून बसली. ढिगातलं एक केळं तोडून तिने सोललं, बोटांनी कुस्करलं आणि पोरीच्या तोंडाला लावलं. पोरीने आधी ओठ घट्ट मिटून घेतले. मग जिभेचं टोक बाहेर आलं. मग तिने आईचं बोटच दोन्ही हातांनी धरलं आणि सोडेना.

बबनराव एक पाऊल पुढे आले. “सूनबाई, नवसाचं हाय त्ये. तोललेलं घरच्या मानसानं खायाचं नसतं.”

गिरजाने दुसरा घास कुस्करला. डोक्यावरचा पदर खांद्यावर घसरला होता, तो तिने सावरला नाही.

“हिला कवा घरचं मानूस धरलं, मामंजी?”

बबनरावांच्या कडेवरून भैरूने केळ्याकडे हात पसरले आणि भोकाड पसरलं. त्याला मात्र ते देता येत नव्हतं.