पोर्तुगालातली सुकेळी

कृतिकाचा फोन आला की मंदाच्या पोटात दुखायचं. खरंखुरं दुखायचं, म्हणण्यापुरतं नाही. हरिभाऊंनी एकदा बिचाऱ्यांनी बायकोला ओवा चावायला दिला होता. पण जावेच्या सुखावर ओवा लागू पडतो होय?

आणि सुख तरी केवढं! धाकटे दीर केयूर आणि ही कृतिका पोर्तुगालला गेले काय, तिथल्या खेड्यात दगडी घर आणि शेत घेतलं काय, आणि सुट्टीला येणाऱ्या लोकांना खोल्या भाड्याने द्यायला लागले काय! शेळ्या, कोंबड्या, ऑलिव्हची झाडं, मातीत लोळणारी दोन गुटगुटीत पोरं, अंगणात न्याहारी करणारे गोरे पाहुणे. रोज सकाळी घरच्या ग्रुपवर नवे फोटो. "ज्या फिरंग्यांना आपण वसईच्या किल्ल्यातून हाकललं, त्यांच्याच गावात आमचा केयूर चादरी बदलतोय," असं हरिभाऊ येईल त्याला हसत सांगायचे. मंदाला त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे.

तिचं म्हणणं साधं होतं. शेतकरीण कोण? मी! लग्न होऊन भुईगावच्या या वाडीत आले त्या दिवसापासून केळीला पाणी लावतेय, सोनचाफा खुडतेय, चिखलात पाय सडवतेय. आणि ही कोण? एव्हरशाईन सिटीच्या फ्लॅटमध्ये वाढलेली. नवी नवरी होती तेव्हा केळफूल बघून म्हणाली होती, "वहिनी, हे फुलदाणीत ठेवू?" तीच बाई आता गमबूट घालून शेळीचं दूध काढते आणि लोक कौतुकाने फोटो घेतात. मला कधी कुणी चिखलात उभी करून फोटो काढला?

हेही एकवेळ तिने गिळलं असतं. गिळवत नव्हतं ते रेवाचं.

रेवा म्हणजे मंदाची एकुलती एक लेक. हॉटेल मॅनेजमेंट नुकतंच संपवलेली. पाहुण्यांनी काकीच्या शेताबद्दल इंटरनेटवर काय काय लिहिलंय ते ती जेवताना मोठ्याने वाचून दाखवायची. "आई, ऐक ना, या बाईने लिहिलंय, इथे आम्हाला घरच्यासारखं वागवलं."

"घरच्यासारखं!" मंदा ताटात भात आपटायची. "घरी होती तेव्हा पाण्याचा तांब्या कुणापुढे केला नाही तिने."

कृतिकाने रेवाला बोलावलंच होतं. 'एक सीझन ये, मला हाताखाली आपलं माणूस हवंय.' इकडे अर्नाळ्याच्या एका रिसॉर्टवाल्यानेही तिला नोकरी देऊ केली होती. रेवा दोघांनाही 'बघू' म्हणत होती, आणि त्या एका 'बघू'वर मंदाचा जीव टांगलेला. एक सीझन म्हणता म्हणता पोर तिकडचीच होणार, काकीच्या गळ्यात पडणार, आणि आपण फोनच्या काचेतून बघत बसणार, हे तिला लख्ख दिसत होतं.

एप्रिलमध्ये ओळखीतल्या पाचूबंदरच्या ग्रेसीचा मुलगा लिस्बनला निघाला, तेव्हा हरिभाऊंनी त्याच्याबरोबर घरची सुकेळी पाठवली. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवलेली, मधाच्या रंगाची, मऊ. अख्ख्या गावात मंदाच्या हाताची सुकेळी नावाजलेली. आठवड्याभरात कृतिकाचा व्हिडिओ कॉल.

"वहिनी, पाहुणे वेडे झालेत हो! इथे बाजारात राजेळीसारखी लांब केळी मिळतात, ऊनही कडक आहे. मला शिकवा ना. रोज न्याहारीला ठेवेन."

मंदाच्या अंगाचा तिळपापड झाला. घर घेतलंस, शेत घेतलंस, माझ्या लेकीवर डोळा ठेवलास, आता ही एक गोष्ट उरली होती माझी, तीही पाहिजे? पण तोंडावर साखर. ती फोन घेऊन वाडीतल्या केळी वाळवायच्या मांडवापाशी गेली आणि नीट शिकवू लागली. साल पार काळी पडेपर्यंत पिकवायची, हलक्या हाताने सोलायची, मांडवावर एकेक सुटी मांडायची, दुपारी परतायची.

"आणि रात्री?" कृतिकाने विचारलं.

आता रात्रीचीच तर सगळी गंमत. संध्याकाळी उन्हातून उचलून केळीच्या वाळक्या पानांत गच्च गुंडाळायची. रात्रभर ती आतल्या आत पाझरतात, म्हणून मऊ राहतात. केळी पुरती वाळेपर्यंत रोज हा खटाटोप. इथलं शेंबडं पोरही सांगेल.

"रात्री घरात आणून ठेवायची," मंदा म्हणाली. "झालं."

त्या रात्री ती छान झोपली. खोटं कशाला सांगा, इतकी छान झोप तिला कित्येक दिवसांत लागली नव्हती.

पुढचा फोन आला तेव्हा रेवा मांडवापाशी आईच्या शेजारीच बसली होती. पडद्यावर कृतिकाने एक केळं टेबलावर आपटून दाखवलं. टक् टक् आवाज आला.

"काठ्या झाल्या हो वहिनी! पोरं तलवारी म्हणून खेळताहेत." ती हसत होती, पण चेहरा उतरलेला होता. "तुमच्या हाताची सर कुठली यायला. आणि मी मेली आधीच फळा रंगवून बसले. हे बघा."

न्याहारीच्या खोलीत भिंतीवर फळा होता. वर मंदाचा फोटो, हातात केळीचा घड. खाली इंग्रजीत काहीतरी.

"काय लिहिलंय?" मंदाने विचारलं.

रेवाने वाचलं. "आमच्या वसईच्या मंदावहिनींची सुकेळी. खरी शेतकरीण त्या, आम्ही त्यांचे विद्यार्थी."

मंदाचे कान तापले. शरम वाटली, नाही असं नाही. पण शरमेच्या आधी जे वर आलं ते वेगळंच होतं: बघा, चांगुलपणातही हीच पुढे! तेवढंही मला उरू देत नाही!

"काकी," रेवाने हळूच विचारलं, "रात्री कशात गुंडाळत होतीस?"

"गुंडाळायचं? गुंडाळायचं कुठे होतं?"

रेवाने आईकडे पाहिलं. मंदा मांडवावरचं एक केळं परतायला लागली, मघाशीच परतलेलं.

"अगं, माझीच चूक," रेवा फोनकडे वळून म्हणाली. "त्या दिवशी मी आईला मध्येच हाक मारली, सांगायचं राहून गेलं असेल." आणि तिने वाळक्या पानांपासून पाझरण्यापर्यंत सगळं बयाजवार सांगितलं. कृतिका खूश. "वहिनी, पुढच्या खेपेला फोटो पाठवते हं!"

फोन बंद झाला. मंदा म्हणाली, "बरं झालं सांगितलंस. आता जमेल तिला. तुला काही तिकडे जायला नको."

"मी जाणारच नव्हते," रेवा म्हणाली. "अर्नाळ्याला हो कळवणार होते. आज जेवताना सांगणार होते तुला."

मंदाचा चेहरा असा काही फुलला! "मग कळव की!"

"नाही, आता जाणार."

"का? सुकेळ्यांसाठी?"

"तुझ्यामुळे." रेवाचा आवाज चढलेला नव्हता, हेच वाईट होतं. "आई, तू मुद्दाम राखून ठेवलंस. इतकी वर्षं तुला वहिनी वहिनी करणाऱ्या बाईपासून. उद्या मी सासरी सुखात असेन, सासूचं कौतुक करेन, तेव्हा माझ्यापासून काय राखून ठेवशील?"

"तू माझी मुलगी आहेस! तुझं कसं काय..." ती रेवाचा हात धरायला गेली, तर आपले हात केळ्यांनी चिकट झालेले. "नको ना जाऊस. मी तिला आत्ता फोन करून सांगते, मीच लपवलं म्हणून. लाव फोन."

"राहू दे. मी तुला झाकलंय, आता उघडं करू नकोस," रेवा म्हणाली आणि आत गेली.

थोड्या वेळाने घरातून तिचा आवाज आला. पुन्हा काकीला फोन लावला होता. कधी यायचं, थंडीचे कपडे काय आणायचे, शेळ्यांची नावं काय. मग पलीकडून काहीतरी गंमत झाली असावी, कारण रेवा मोकळेपणी खळखळून हसली. मंदा मांडवापाशी तशीच उभी राहून ऐकत होती. माझ्याशी बोलताना ही अशी कधी हसली, असं तिच्या मनात आलं, आणि पोटात पुन्हा दुखायला लागलं.