सुटं तिकीट मिळणार नाही

पोस्टातल्या त्या माणसाला मी सेटसाहेब म्हणते. खरं नाव त्याच्या छातीवरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं, पण मला ते वाचायचं नाही. पहिल्या दिवशी दादानं खिडकीशी वाकून, अगदी अजिजीनं, जुन्या पुलांच्या तिकिटांतलं फक्त चौथं हवंय असं सांगितलं, तेव्हा या गृहस्थानं मानही वर न करता उत्तर दिलं की ही विशेष तिकिटं सेटमध्येच मिळतात, सुटं तिकीट मिळणार नाही.

दादानं पुन्हा विचारलं, त्यानं पुन्हा तेच ऐकवलं. सहा तिकिटं, सोबत चकचकीत पुस्तिका, वर प्लॅस्टिकचं वेष्टन. एकदा वेष्टन फोडलं की सेट विकता येत नाही. मागे रांग वाढत होती आणि एक बाई आजोबा आटपा म्हणून कुरकुरायला लागली. माझं डोकंच फिरलं. मी काचेला तोंड लावून म्हटलं, भाजीवालासुद्धा एक लिंबू सुटं देतो, तुम्हाला कागदाचा चिटोरा देता येत नाही?

"नियम आहे, बाई," तो म्हणाला.

दादानं माझा हात धरला आणि मला बाजूला घेतलं. नियम हा शब्द कानावर पडला की माझा भाऊ गप्प होतो. जन्मभर त्यानं दुसरं काही ऐकलेलंच नाही.

दादा पुलावर नोकरीला होता. नदीवरच्या लोखंडी पुलाचा मधला भाग, मोठी बोट आली की वर उचलायचा आणि बोट गेली की खाली आणायचा, हे त्याचं काम. पुलाच्या टोकाला उंचावर काचेची केबिन होती आणि तिच्या खाली दोन खोल्यांचं घर. तिथंच त्याचा संसार झाला, तिथंच छोटी जन्मली. छोटी म्हणजे त्याची एकुलती एक मुलगी. आता चांगली चाळिशीला आली असेल, पण आमच्या तोंडी छोटीच आहे.

वहिनी गेली त्या दुपारी छोटी कॉलेजातून नुकतीच घरी आली होती. वहिनीच्या छातीत कळ आली. दादा वर केबिनमध्ये होता, छोटीनंच शेजाऱ्यांना सांगून अँब्युलन्स बोलावली आणि आईचं डोकं मांडीवर घेऊन आत बसली. हॉस्पिटल पलीकडच्या काठाला. गाडी घरापासून निघून पुलाच्या तोंडाशी आली तेव्हा पूल उचलायला सुरुवात झाली होती. वाळूनं भरलेली जड बोट प्रवाहाबरोबर खाली येत होती, तिला थांबता येत नव्हतं. एकदा उचलायला घेतला की पूल पूर्ण वर न्यायचा, तो वरच अडकून राहावा म्हणून खिळी बसवायची, बोट पार झाली की मगच खाली घ्यायचा, असा नियम होता. मध्येच उतरवला असता तर बोटीवरची माणसं चिरडली असती. दादानं आपल्याच दारातून निघालेली ती गाडी पाहिली. आत कोण आहे तेही त्याला कळलं. आणि त्यानं पूल पूर्ण वर नेला. छोटीच्या डोळ्यांसमोर रस्ता उभा राहिला आणि उभाच राहिला. हॉस्पिटलात पोचेपर्यंत वहिनी संपली होती.

यात दादाचं काही चुकलं असं मी कधी म्हटलं नाही. चुकलं ते पुढं. चौकशी झाली आणि निकालाचा कागद आला, की कर्मचाऱ्याची चूक नाही, त्यानं नियमाप्रमाणे काम केलं. दादानं तो कागद घरी आणला आणि छोटीच्या हातात दिला. त्याला वाटलं, पोरीला बरं वाटेल. आई गेलेल्या पोरीला बापानं काय दिलं, तर कागद. रडायचं सोडून हा माणूस तिला सही-शिक्का दाखवत बसला. छोटीनं तो वाचला, टेबलावर ठेवला आणि दुसऱ्या दिवशी मामाकडं निघून गेली. नंतर तिला नोकरी लागली, लग्न झालं, दुसऱ्या शहरात बिऱ्हाड झालं. आम्हाला सगळं उडत उडत कळलं. मी दादाच्या घरी त्याच्या सोबतीला राहायला आले, तेव्हापासून तिनं माझाही फोन उचलणं सोडलं. आत्याही बापाच्याच बाजूची, असं तिनं ठरवून टाकलं असणार.

दादा तिला पत्रं लिहितो. ती फोडत नाही. पोस्टमन पाकीट समोर धरतो, ती बघते आणि नको म्हणते, मग त्यावर 'घेण्यास नकार' असं लिहून ते आमच्याकडं परत येतं. मी कितीदा म्हटलं, अरे, साधं पोस्टकार्ड टाक, नको म्हणायच्या आधी दोन ओळी तरी नजरेखालून जातील. तर म्हणे घरचं बोलणं उघड्यावर नको, वाटेत कुणीही वाचेल. पत्र बंद पाकिटातच जायला हवं, हाही त्याचा एक नियमच.

अशात ही तिकिटं निघाली. पेपरात त्यांची चित्रं आली होती. आमचा पूल कधीच मोडीत निघाला, पण तिकिटावर तो दोनदा होता. पाचव्या तिकिटावर वर उचललेला आणि चौथ्यावर खाली असलेला, सरळ, या काठापासून त्या काठापर्यंत. कोपऱ्यात केबिन आणि खालच्या घराची खिडकीसुद्धा दिसत होती. दादानं भिंग घेऊन ते चित्र किती वेळ पाहिलं. मग मला म्हणाला, "पत्र नाही वाचत, पण पाकीट तर बघते ना. पूल खाली आहे एवढं तिला दिसलं तरी पुष्कळ."

मी भिंग पुसून जागेवर ठेवलं.

चौथं तिकीट कमी किमतीचं, एका पाकिटाला तीन लागणार. म्हणजे एका पत्रासाठी तीन सेट घ्यायचे. दादानं पुन्हा पुन्हा खेटे घातले. त्यानं पोस्टमास्तरांना भेटून विनंती केली, तक्रारवहीत लिहिलं, कुणा तिकीट जमवणाऱ्याला शोधून पाहिलं. पण तो जमवणारा पठ्ठ्याही सेट फोडायला तयार होईना. आयुष्यात पहिल्यांदा माझा भाऊ नियम मोडा म्हणून लोकांच्या विनवण्या करत फिरत होता, आणि जो तो त्याला त्याचंच उत्तर देत होता. शेवटी त्यानं तीन सेट घेतले. पेन्शनीच्या मानानं ती चैनच होती.

पाकीट घेऊन आम्ही पोस्टात गेलो. वेष्टनं खिडकीपाशीच फोडली. दादानं तिन्ही सेटमधली चौथी तिकिटं वेगळी काढली, ओल्या स्पंजावर टेकवली आणि एका ओळीत, एकही वाकडं न होऊ देता चिकटवली. बाकीची मी पिशवीत टाकायला लागले, तर त्यानं त्यातली वर उचललेल्या पुलाची तिन्ही काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. ती घरात नकोत, म्हणाला. तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली. सेटसाहेबानं पाकीट समोरच्या ट्रेमध्ये टाकायला सांगितलं आणि खिडकीचं दार ओढलं.

बाहेर आल्यावर दादा म्हणाला की या खेपेला त्यानं पुष्कळ लिहिलंय. एरवी त्याचं पत्र एका पानाच्या पुढं जात नाही. हवापाणी, तब्येत, आशीर्वाद. या वेळी त्या दुपारचं सगळं लिहिलं होतं, केबिनमधून काय दिसत होतं तेही. इतक्या वर्षांत त्यानं ते मलासुद्धा सांगितलेलं नाही.

नंतर तो रोज दाराशी खुर्ची टाकून बसायला लागला. पोस्टमन नुसता पुढं निघून गेला की त्याचा चेहरा खुलायचा. परत आलं नाही म्हणजे तिनं ठेवून घेतलं, हा त्याचा हिशेब. मीही त्याच्या नादानं आशेला लागले. छोटीसाठी राखून ठेवलेली खोली झाडून घेतली, पलंगावर धुतलेली चादर घातली. आणि मग एके दिवशी पोस्टमन आमच्या दाराशी थांबला.

पाकीट तेच होतं, शेराही तोच, 'घेण्यास नकार'. पण त्यावर तीन नव्हे, चार तिकिटं होती. दादानं ओळीत लावलेल्या खाली असलेल्या पुलांच्या वर, एकटं, जरा वाकडं, वर उचललेल्या पुलाचं तिकीट चिकटलेलं होतं. पाकिटावर नजर गेली की आधी तेच दिसत होतं.

दादा खुर्चीतून उठला नाही. मी मात्र चपला अडकवल्या आणि निघाले. या वेळी सेटसाहेबाची गाठ माझ्याशी होती. मागून हाक आली, दादाही येत होता.

मी पाकीट खिडकीत आपटलं. सेटसाहेबानं ते उलटसुलट करून पाहिलं आणि त्याला सगळं आठवलं. पाकीट वजनात जास्त भरलं होतं, असं त्यानं सांगितलं. तसंच पाठवलं असतं तर घेणाऱ्याला दंड बसला असता, आणि आम्हाला कळवायला त्याच्याकडं आमचा फोन नंबर नव्हता. दादाची तिकिटं कट्ट्यावर राहिली होती, ती त्यानं जपून ठेवली होती. त्यातलं एक लावलं की पैसे बरोबर भरत होते. उरलेली दोन त्यानं ड्रॉवरमधून काढून दादापुढं ठेवली.

"तुमचीच होती, तुमच्याच पत्राला लावली," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर चांगलं काम केल्याचं समाधान होतं. भांडायला आले होते, पण मी पाकीट उचलून पिशवीत टाकलं.

दादानं ती दोन तिकिटं खिशात टाकली आणि म्हणाला, "यांची काही चूक नाही गं. त्यांनी नियमाप्रमाणेच केलं."

बोलला आणि तसाच थांबला. कट्ट्याची कड त्यानं दोन्ही हातांनी धरली. ते वाक्य मीही ओळखलं होतं. कागदावर टाइप केलेलं, खाली सही-शिक्का असलेलं ते वाक्य.

"हेच मी तिच्या हातात दिलं होतं," तो हळूच म्हणाला. "चूक नव्हती म्हणून माफीसुद्धा मागितली नाही मी. तिची आई गेली होती."

माझा भाऊ वहिनीच्या वेळीही चारचौघांत रडला नव्हता. आता पोस्टाच्या खिडकीपाशी, रांगेतल्या लोकांसमोर त्याचे डोळे वाहत होते आणि तो ते पुसतही नव्हता. सेटसाहेब गोंधळून गेला. सेट संपले आहेत, पुन्हा छापत नाहीत, नाहीतर बघितलं असतं, असं काहीतरी बोलत राहिला. दादानं मान हलवली. त्याला सेट नको होता, पोस्टकार्ड हवं होतं.

"एकच मिळेल?" त्यानं विचारलं.

"हो. हे सुटं मिळतं," सेटसाहेब म्हणाला.

दोरीनं बांधलेल्या पेनानं, उभ्या उभ्या, दादानं पत्ता लिहिला. मजकुराच्या जागी दोनच शब्द लिहिले, मोठ्या अक्षरांत. 'माझं चुकलं.' शाई वाळेपर्यंत कार्ड हातात धरलं आणि पेटीत टाकलं.

त्या गोष्टीला बरेच दिवस झाले. कार्ड परत आलेलं नाही. दादा दाराशी बसतो, पोस्टमन पुढं गेला की माझ्याकडं बघून हसतो. पोरीनं ठेवून घेतलं म्हणतो. परवा छोटीच्या पलंगाची चादर बदलायला सांगितली, धूळ बसली असेल म्हणून.

काल विजेच्या बिलाची तक्रार पाठवायला मी एकटीच पोस्टात गेले होते, पिशवीत त्या सेटमधली उरलेली, दगडी पुलाची तिकिटं घेऊन. सहज विचारल्यासारखं विचारलं, की घेणाऱ्यानं पोस्टकार्ड नाकारलं तर ते किती दिवसांत परत येतं?

सेटसाहेबानं या वेळी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. कार्ड परत पाठवत नाहीत, म्हणाला. नाकारलं तर तिथंच रद्दीत जातं. मग त्यानं विचारलं, आजोबांना सांगू का? मी नको म्हटलं. घरी आले आणि चादर बदलली.