उंबरावरून पाहिलेली डाकीण

मी एक वटवाघूळ आहे, आता म्हातारी झालेली. सचिन नावाच्या कारखान्यांच्या गावात यंत्रमाग कामगारांच्या खोल्यांची एक रांग आहे. तिच्या मागच्या उंबरावर मी जन्मले. मित्रांनो, आम्हाला तुम्ही रक्तपिपासू म्हणता. रक्त चाटणारी वटवाघळं आहेत, पण ती फार दूरच्या देशांत. मी आजवर फक्त फळं खाल्ली.

आमच्या झाडाखाली सुभद्राबाई साड्यांचे सुटे दोरे कापत बसायची. शिरपूरकडची विधवा, एकटीच. सगळ्यांनी आम्हाला दगड मारले, तिने कधी नाही. उलट म्हणायची, "यांच्यामुळेच नवी झाडं उगवतात." शेजारच्या कमलची गायत्री, आठ वर्षांची, तिच्याजवळ खेळायची. सुभद्राबाई तिला पिकलेली उंबरं निवडून द्यायची.

मग गायत्री पांढरी पडू लागली. चार पावलं चालली की धापा टाकायची. भिंतीची माती खरवडून खायची. रांगेतल्या धुडकू भगताने तिचे डोळे पाहिले आणि सांगितलं, "पोरनं रगत कोणी तरी पितंय. ती सुभद्राबाई डाकीण शे. ही वटवाघळं तिचीच."

त्या दिवसापासून सुभद्राबाईला नळावर कोणी पाणी भरू देईना. ती येताना दिसली की बाया मुलांना घरात ओढून कडी लावत. ते सगळं मी वरून पाहत होते.

एका सुट्टीच्या दुपारी धुडकू दहा-बारा माणसं घेऊन आला. त्यांनी झाडाखाली ओला पाला पेटवला. धुराने आमचा जीव गुदमरला. माझं पिल्लू माझ्या अंगावरून सुटलं आणि जाळाजवळ पडलं. सुभद्राबाई धावली. तिने जाड फडक्यात ते उचललं.

"बघा! डाकीण तिचं लेकरू उचलते!" धुडकू ओरडला.

पहिला दगड तिच्या कपाळाला लागला, दुसरा डोळ्याला. ती खाली बसली. तेवढ्यात कमल गर्दीत घुसली आणि तिच्यापुढे उभी राहिली. "आजारी पोरगी माझी आहे ना? मग मला मारा आधी!"

हात थांबले. कमलने सुभद्राबाईला आणि गायत्रीला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. माझं पिल्लू फडक्यातच मेलं होतं.

दोन दिवसांनी कमल परतली. त्याच झाडाखाली तिने धुडकूला गाठलं. "डॉक्टर म्हणाले, गायत्रीच्या पोटात जंत आहेत. आतड्याला चिकटून तेच रक्त पितात. पोरं अनवाणी घाणीतून चालतात, तेव्हा तळपायातून शिरतात. आता सांगा, डाकीण कोण?"

धुडकू मान खाली घालून निघून गेला. गोळ्या आणि औषधांनी गायत्री चार महिन्यांत धावू लागली. सुभद्राबाईचा एक डोळा गेला. भाऊ येऊन तिला शिरपूरला घेऊन गेला. तिची माफी मागायला कोणी आलं नाही.

मित्रांनो, पायात चप्पल घाला. आजाऱ्याला दवाखान्यात न्या. एकट्या बाईकडे बोट दाखवू नका. हे मी आजच सांगते आहे, कारण याच रांगेतल्या योगेंद्रचा मुलगा परवापासून पांढरा दिसतो. आज सकाळी धुडकू पलीकडच्या पुष्पाबाईच्या दाराकडे बराच वेळ बघत उभा होता. तीही एकटीच राहते. खाली माणसं जमू लागली आहेत, आणि कमल जाऊन तिच्या उंबरठ्यावर बसली आहे.