शेपटीवालं अंडं

माझ्या लेकीच्या, जयाच्या लग्नाची पत्रिका करायला टाकली तेव्हा मला वाचता येऊ लागून सात वर्षं झाली होती. साल दोन हजार एक. साक्षरतेच्या वर्गात मी बेचाळिसाव्या वर्षी बसले. त्याआधी कोणती बस कुठली, हे मी तिच्यात चढणाऱ्या माणसांवरून ओळखायची.

पत्रिकेचा कच्चा कागद माझ्या भासऱ्यांनी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावानं, कारंज्याच्या प्रफुलकडून करून आणला. प्रफुलचं बसस्टँडसमोर कंप्युटरचं दुकान होतं. भासऱ्यांनी कागद घरातल्या माणसांना दाखवला आणि दिवाणावर ठेवून दिला. दुपारी भाकरी उरकल्यावर मी तो घेऊन बसले.

वाचायला तास लागला. वर लिहिलं होतं, 'स्व. चंद्रभान नासरे यांची कन्या'. खाली 'निमंत्रक' आणि एकवीस पुरुषांची नावं. पाच वर्षांत आमचा उंबरा न चढलेला आर्वीचा चुलतदीरही त्यात होता. मी नव्हते. माझंच काही चुकलं असेल म्हणून पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तरी नव्हते.

जाऊ कोकिळाला विचारलं. ती म्हणाली, "तसंच राह्यते व बाई. विधवा बाईचं नाव निमंत्रकात टाकत नाई. अपशकुन मानतेत."

"अकरा वर्षं पोरगी एकटीनं वाढवली, तवा नाई झाला अपशकुन?"

"मले नोको विचारू. मले त वाचताबी येत नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं मी तळेगावहून कारंज्याला गेले.

प्रफुल पंचविशीचा, हसरा पोरगा. माझं म्हणणं ऐकून त्यानं डोकं खाजवलं. "मावशी, जागाच नाई. काकाजीनं एकवीस नावं देल्ले. कार्ड टम्म भरलं."

"भरल्या बसमधी बाईले जागा करतेत ना? कर."

त्यानं माझं नाव टाइप केलं आणि यादीच्या सगळ्यात वर ठेवलं. नाव लांब, ते काठावरच्या वेलबुट्टीत घुसलं. त्यानं नावाच्या कडेचा काळा ठिपका माऊसनं धरला आणि आत ढकलला. अक्षरं काड्यांसारखी झाली. 'श'चं पोट पार आत गेलं. ते पोट पाटीवर गोल यायला मला पंधरा दिवस लागले होते.

"इतकी त मी दुष्काळातबी नाई वाळली," मी म्हटलं.

"मंग बाकीच्यायले दाबा लागन, मावशी."

"दाब न मंग. एकवीस जण हायेत, जरा जरा सरकतीन."

त्यानं सगळ्या पुरुषांभोवती तुटक रेघांची चौकट ओढली, तसाच ठिपका धरला आणि ओढला. एकवीसच्या एकवीस एकदम बारीक झाले. मला फार बरं वाटलं. मग त्याला चेव चढला. 'शुभविवाह' त्यानं धनुष्यासारखा वाकवला, त्याला सावली दिली. मग माझं नाव कमानीत घातलं. अक्षरं दारू पिऊन एकमेकांवर रेलल्यासारखी दिसू लागली.

"सरळ कर," मी म्हटलं. "मले सरळच शिकोलं."

त्यानं सरळ केलं. मग म्हणाला, "आता करव्ह करा लागते. नागपूरच्या प्रेसमधी आपले मराठी अक्षरं नाई. तशीच फ्लॉपी देली त तिथं नुसत्या इंग्रजी किडे-मुंग्या दिसतेत. करव्ह केलं का अक्षराचं चित्र होते, मंग प्रेसवाल्याले एक कानाबी बदलता येत नाई. म्हणून आधी तुमी मोठ्यानं वाचा, मी काकाजीच्या यादीशी मिळोतो."

मी बोट ठेवून वाचू लागले. नवऱ्याचं नाव आलं. ते मी उभ्या जन्मात उखाण्यात काय घेतलं असेल तेवढंच. तेही वाचलं. माझं नाव वाचलं. त्याखालच्या नावाशी थांबले. भासऱ्यांचं नाव तीस वर्षांत माझ्या तोंडून निघालं नव्हतं. घरात मी 'मोठे' म्हणायची.

"म्हणा न मावशी. चुकलं त काकाजी मलेच झोडपतीन."

"रू... प... राव," मी मोठ्यानं वाचलं. "रूपराव नासरे."

दारातून खाकरण्याचा आवाज आला. भासरे उभे होते, हातात थैली. नागपूरला जाताना फ्लॉपी घ्यायला आले होते. माझा हात पदराकडे गेला.

ते माझ्याकडे न बघता बोलले. "प्रफुल, त्यायले विचार, इथं काय काम काढलं?"

"मावशी, काकाजी विचारून राह्यले..."

"बहिरी नाई मी. सांग त्यायले, पत्रिका वाचून राह्यली."

त्यांनी स्क्रीनवर नजर टाकली. "त्यायले सांग, ते वरचं नाव काढाले. चारचौघात हसू होईन."

प्रफुल बिचारा एकदा इकडे, एकदा तिकडे. मी पदर सोडला आणि वळले. "दादाजी, त्याले काऊन मधात घालता? मीच सांगतो. पोरगी माही, निमंत्रण माहं. नाव राहीन."

"रूढी हाय."

"जयाले डांग्या खोकला झाला तवा दोन महिने रूढीनं नाई घेतलं मांडीवर."

"असं असंन त माहं नाव काढा!" तीस वर्षांत पहिल्यांदा ते माझ्याशी सरळ बोलले.

"काढतो. पण आत्ताच सांगा. मंग कोणाचंच निघत नाई."

ते स्क्रीनकडे पाहत राहिले. मग हळूच प्रफुलला विचारलं, "माह्या जागी कोण येईन?"

"खालचं नाव वर सरकन, काकाजी. आर्वीवाले."

आर्वीवाल्याशी त्यांचा धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, दहा वर्षं वाद होता. मी मनात वीस मोजले. तरी 'काढ' म्हणाले नाहीत.

"करव्हची कोणती बटणं?" मी प्रफुलला विचारलं.

"हे कंट्रोल धरा. अन् ते शेपटीवालं अंडं दाबा."

इंग्रजी अक्षर मला एकही येत नव्हतं, पण शेपटीवालं अंडं सापडलं. दाबलं. स्क्रीनवर काही हललं नाही. अक्षरांच्या कडेनं फक्त बारीक ठिपके उठले, गोधडीच्या टाक्यांसारखे. भासऱ्यांनी फ्लॉपी खिशात घातली आणि नागपूरची बस धरली.

आठ दिवसांनी पत्रिका आल्या. पहिल्या पत्रिकेच्या चार कोपऱ्यांना हळद मी लावली. कोणी हात धरला नाही. कोकिळा म्हणाली, "कुठी हाय तुहं?" मी तिचं बोट धरून नावावर ठेवलं. तिनं ते बराच वेळ तिथून उचललं नाही.

पुढे कधीतरी प्रफुल भेटला. बोलता बोलता म्हणाला, केलेलं सगळं मागे घ्यायचंही एक बटण असतं.

"मंग त्या दिवशी काऊन नाई सांगतलं काकाजीले?"

"त्यायनं विचारलंच नाई," तो म्हणाला.