सातव्या पिंपाचा आवाज

बूव्रे घराण्याच्या तळघरात एका वेळी सहाच पाहुणे उतरतात. सातवा आला तर कुणाला तरी जिन्यावर उभं राहावं लागतं, आणि जिन्यावरच्या माणसाला प्रत्येक वाइन शेवटी मिळते, त्यामुळे तो वर गेल्यावर सगळ्यांना नावं ठेवतो. हा नियम कुठे पाटीवर लिहिलेला नाही. गास्पार बूव्रे यांच्या पणजोबांनी तळघर खोदलं तेव्हा खडक तेवढाच फुटला, एवढंच.

डिसेंबरच्या त्या शनिवारी दुपारी सहाच पाहुणे आले होते, तरी ओदीलने सकाळपासून पेले दोनदा धुतले होते. आज सातवं पिंप उघडायचं होतं.

ओदील ही गास्पार यांची सून. माहेर बोनजवळचं, म्हणजे गाडीने सव्वा तासाचं, पण वाइनच्या बाबतीत तो मुलूखच वेगळा. नवरा ल्युसियाँ चीज मुरवायच्या वखारीत कामाला होता. तळघराच्या गारठ्याने त्याचे गुडघे धरतात असं तो सांगे. चीजच्या वखारीत याहून जास्त गारठा असतो त्याचं काय, हे त्याला कुणी विचारत नसे. त्यामुळे तळघर राहिलं सासरा आणि सून या दोघांकडे. लग्नाच्या वर्षी, द्राक्षं खुडून झाल्यावर, गास्पारनी रांगेच्या टोकाला, अगदी जिन्यापाशी, सातवं पिंप भरलं आणि म्हणाले होते, हे तुझं. सहा वर्षांनी हे पिकलं की माझं गिरमिट तुझ्याकडे देईन, मग पिंपं तू उघडायची.

गिरमिट म्हणजे बोटभर लांबीचं, लाकडी मुठीचं जुनं हत्यार. आडव्या पिंपाच्या पुढच्या फळीला त्याने बारीक भोक पाडायचं, उडणारी धार पेल्यात धरायची आणि भोकात लाकडाची खुंटी ठोकायची. वरचं बूच काढून वाइन घेतलेली या घरात चालत नाही, कारण आत वाइनवर साय धरलेली असते. दुधावर धरते तशीच, पांढरी, सुरकुतलेली. सगळी करामत त्या सायीची. सहा वर्षं पिंपाला हात लावायचा नाही. वाइन उडून कमी होते, होऊ द्यायची. भर घालायची नाही. साय अखंड राहिली तर वाइन पिवळी होते, तिला अक्रोडासारखा वास येतो आणि माणूस मेला तरी टिकते. साय मोडली तर वाइनला 'पिवळी' हे नाव मिळत नाही.

आणि ओदीलने ती मोडली होती.

लग्नानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यातली गोष्ट. गास्पार शिडीवरून पडून दवाखान्यात होते. घर रिकामं, सून नवी, हात कामाला आसुसलेले. ओदीलच्या माहेरी दर शुक्रवारी सगळी पिंपं काठोकाठ भरायची पद्धत. पिंपात बोटभर जागा राहिली तरी तिचे वडील जेवण सोडून उठत. ही सवय तिच्या हाडीमाशी खिळलेली. पिवळ्या वाइनला भर घालत नाहीत हे तिला माहीत नव्हतं असं नाही, चांगलं माहीत होतं. पण माहिती असते डोक्यात आणि झारी असते हातात. शुक्रवार होता. ती नव्या वाइनने भरलेली झारी घेऊन उतरली, जिन्यापाशीच्या पहिल्याच पिंपाचं, म्हणजे सातव्याचं, बूच काढलं आणि ओतायला लागली. एक झारी गेली, दुसरी गेली. बिचाऱ्याला किती तहान लागली आहे, असंही तिच्या मनात आलं. तिसरी झारी संपत आली तेव्हा पिंपाच्या तोंडाशी सायीची फाटकी चिंधी तरंगत वर आली.

तिने झारी खाली ठेवली. मग बूच लावलं, झारी धुतली आणि कुणाजवळ ब्र काढला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तिने स्वतःला समजावलं. पण मूठ झाकून ठेवली की हात कुठल्याच कामाचा राहत नाही, हे तिला पुढच्या पाच वर्षांत कळलं.

खरं सांगायचं तर त्या भीतीला दुसरीही एक बाजू होती. ओदीलला भयंकर कुतूहल होतं. मोडलेली साय परत धरते का? धरली तर तशीच धरते का? सासरे रविवारी चर्चला गेले की ती बूच अलगद उचलून आत टॉर्च मारायची. जूनमध्ये एके दिवशी वाइनवर कसलीशी राखट धूळ दिसली. ऑगस्टपर्यंत त्या धुळीची साय झाली. तिला इतका आनंद झाला की कुणाला तरी सांगावंसं वाटलं, आणि सांगायला कुणी नव्हतं.

"बाबा, पाहुणे आले!" ल्युसियाँ वरून ओरडला. गास्पार यांच्याशी घरात सगळे ओरडूनच बोलत. दवाखान्यातून आल्यापासून त्यांचे कान गेले होते. तसं त्यांनीच जाहीर केलं होतं. पूर्वी ते बोटाच्या पेराने पिंप ठोकून आत वाइन किती बोटं खाली गेली ते सांगत आणि चुकत नसत. आसपासचे लोक त्यांना आपल्या तळघरात बोलावून घेत. पाच वर्षांपूर्वी त्यांनी ठोकणं सोडलं ते सोडलं.

पाहुण्यांत एक बेल्जियन जोडपं होतं, स्ट्रासबुर्गहून आलेल्या दोघी बहिणी, एक अबोल दंतवैद्य आणि लील शहरातल्या मादाम देक्लेर्क. मादाम देक्लेर्कनी तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलेलं. निवृत्त झाल्यावर प्रश्न विचारायला विद्यार्थी उरले नाहीत, त्यामुळे त्या भेटेल त्याला विचारत होत्या. भिंत ओली का? कोळी का मारत नाही? आधी तांबडी आणि मग पांढरी, हा उलटा क्रम कशासाठी?

"उलटा तुमच्याकडे," गास्पार म्हणाले. "आमच्याकडे हाच सुलटा."

ओदीलने फिकी तांबडी दिली, मग पांढरी दिली, चीजचे तुकडे फिरवले. बेल्जियन गृहस्थाने आपल्या गावच्या बियरचं कौतुक सुरू केलं, तेव्हा गास्पारनी त्याला एवढ्या आस्थेने चीज वाढलं की तोंड भरून तो गप्प झाला. मादाम देक्लेर्क मागे उभ्या राहून स्वतःशीच पुटपुटल्या, की सहा वर्षं आत काय चाललंय ते न बघता झोप कशी येते या लोकांना.

"येत नाही, मादाम," गास्पार पुढून म्हणाले. "म्हणून तर मुलं होतात."

सगळे हसले. ओदीलही हसली, आणि एवढं हळू बोललेलं यांना कसं ऐकू गेलं, असा विचार तिच्या मनात येऊन गेला. पण तोवर गास्पारनी खिशातून गिरमिट काढलं होतं.

नवं पिंप पहिल्यांदा उघडायचं ते परक्यांसमोर, असा या घरचा रिवाज. घरच्यांची जीभ घरच्यांचीच बाजू घेते म्हणून. गास्पार सातव्या पिंपापाशी वाकले, गिरमिट फिरवलं, आणि सुतासारखी पिवळी धार पेल्यात उतरली. त्यांनी खुंटी ठोकली, पेला दिव्यासमोर धरला, नाक घातलं. मग एक घोट घेतला, कपाळावर आठी पडली आणि पेला त्यांनी पुढे दिला.

पेला हातोहात फिरला. दंतवैद्याने त्या दिवशीचं आपलं पहिलं वाक्य उच्चारलं. तो म्हणाला, "अरे वा." मादाम देक्लेर्कनी डोळे मिटले. अक्रोड, त्या म्हणाल्या, सुकवलेलं सफरचंद, आणि मेथी, नक्की मेथी. मेथीला ज्यामुळे वास येतो तेच यात असतं, त्यांनी वर्गात शिकवलं होतं.

शेवटी पेला ओदीलकडे आला. तिने चाखलं. अक्रोड होता, मेथी होती, आणि त्याखाली काहीतरी हिरवं, ताजं, आंबट सफरचंद नुकतं चावल्यासारखं. आपल्या तीन झाऱ्या आहेत या, तिला कळलं. वाइन सुरेख होती. पाच वर्षं ज्या उत्तराची वाट पाहिली ते जिभेवर होतं आणि तिला रडू येत होतं.

"हे खाली ताजं काय लागतंय?" गास्पार विचारत होते, कुणालाच उद्देशून नाही. "चाळीस वर्षांत असं लागलं नव्हतं. चांगलंय. पण आलं कुठून?" मग त्यांनी मान हलवली, गिरमिट पुसलं आणि ओदीलच्या हातात ठेवलं. स्ट्रासबुर्गच्या बहिणींनी टाळ्या वाजवल्या. गास्पारनी खडू काढला. पिकलेल्या पिंपावर ते स्वतः नाव घालत, आणि त्या नावानेच वाइन बाटलीत भरली जाई.

आता गप्प बसणं इतकं सोपं होतं. वाइन चांगली, पाहुणे खूश, गिरमिट हातात. भांडं फुटायचं काही कारणच उरलं नव्हतं. पण तो म्हातारा पेल्याकडे पाहत अजून विचार करत होता, की हे ताजं आलं कुठून. ते तिला पाहवेना.

"बाबा, त्याच्यावर ते नाव नका लिहू."

खडू थांबला. "का?"

"मी भर घातली होती त्यात. तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा. तीन झाऱ्या."

मादाम देक्लेर्कना एकाच वेळी दहा प्रश्न पडले होते, पण त्यांनी ओठ घट्ट मिटले. ओदील ओरडण्याची वाट पाहत होती. गास्पारनी विचारलं ते भलतंच.

"कुठल्या महिन्यात?"

"जानेवारीच्या शेवटी."

"काठोकाठ?"

"काठोकाठ. साय फाटून वर आली."

"परत कधी धरली?"

"जूनमध्ये सुरुवात झाली. ऑगस्टमध्ये पूर्ण. मी बघत होते."

गास्पारनी पेला उचलून आणखी एक घोट घेतला. आधीचा घोट घेताना कपाळावर पडलेली आठी सुटली. मग ते पाहुण्यांच्या कोटांखालचा लाकडी खोका ओढून त्यावर बसले, आणि आता मात्र त्यांचा चेहरा बदलला.

"म्हणजे माझा कान बरोबर होता," ते म्हणाले.

ओदीलला कळेना.

"फेब्रुवारीत मी घरी आलो. त्याच संध्याकाळी कुबड्या घेऊन इथं उतरलो आणि रांग ठोकली. सहा पिंपं बरोबर बोलली. सातवं काठोकाठ बोललं. तीनदा ठोकलं, तीनदा तेच. पोरी, वाइन खाली जाते. वर येत नाही. वर आलेली मी जन्मात ऐकली नव्हती. पिंप कशाला खोटं बोलेल? म्हटलं, पडलो तेव्हा कानाचं काहीतरी झालं. बेझान्सोंच्या डॉक्टरने तपासून सांगितलं, कान ठणठणीत आहेत. मला वाटलं, म्हाताऱ्याचं मन राखतोय." ते थांबले. "पाच वर्षं मी ठोकलं नाही. लोकांना सांगितलं, मला बोलवू नका, मला आता कळत नाही."

आजवर तिला वाटत होतं की आपण एका पिंपाचं वाटोळं केलं. पिंपाला काहीच झालं नव्हतं. जे झालं ते रोज रात्री जेवताना तिच्यासमोर बसत होतं आणि ती त्याच्याशी ओरडून बोलत होती. या जन्मात एवढी लाज तिला कधी वाटली नव्हती.

"मला माहीत नव्हतं, बाबा."

"कसं असेल? मी कुठं सांगितलं कुणाला?" त्यांचा आवाज चढला. "तू टॉर्च घेऊन बघत बसलीस, मी वर कान घेऊन बसलो. दोघांना एकच कोडं पडलेलं, अन् अर्धं अर्धं वाटून घेतलं, मूर्खासारखं."

ओदीलने गिरमिट परत करायला पुढे केलं. गास्पारनी ते घेतलं आणि खिशात टाकलं. तिला वाटलं होतं ते नको म्हणतील. ते म्हणाले नाहीत.

"पुढच्या डिसेंबरात बघू," ते म्हणाले. मग हातातला खडू तिच्यापुढे धरला. "पिवळी म्हणायचं नाही. ही ती नव्हे. पण काहीतरी आहे, अन् चांगलं आहे. नाव तू घाल."

ते उठले. पाहुण्यांकडे वळून, थोडा वेळ गप्प राहा म्हणाले. सहाही जण पेले छातीशी धरून भिंतीला टेकले. गास्पार रांगेच्या त्या टोकाला गेले, तर्जनी वाकवली आणि पहिल्या पिंपावर ठोकली. वर एकदा, मध्ये एकदा, मग अर्ध्या वितीने खाली. आवाज कुठे पोकळ होता, कुठे भरीव झाला.

"चौदा बोटं," ते म्हणाले आणि ओदीलकडे बघितलं. हल्ली मापं तीच ठेवत असे.

"चौदा," ती म्हणाली.

"अकरा."

"अकरा."

मादाम देक्लेर्क श्वास रोखून ऐकत होत्या. तिसरं, चौथं, पाचवं. गास्पार यांची पाठ प्रत्येक पिंपागणिक थोडी थोडी ताठ होत होती. सहाव्याला ते म्हणाले सात, ओदील म्हणाली आठ, आणि त्यांनी पुन्हा ठोकून पाहिलं नाही.

"सात. तू परत माप."

सातव्यापाशी ते थांबले. बोट वाकवलं, पण ठोकण्याआधी कान लाकडाजवळ नेला, जुन्या ओळखीच्या माणसाशी बोलताना नेतात तसा. तेवढ्यात वरचं दार उघडलं आणि ल्युसियाँ जिन्यातून सगळा जोर लावून ओरडला, "बाबा, अजून चीज पाठवू का?"

"ओरडू नकोस," गास्पार हळूच म्हणाले. "मला ऐकू येतं."